न लागलेला ठसका

प्रेमिलाबाई गणवीर यांच्या गालाला उभ्या जन्मात काळी तीट लागली नाही. ही गोष्ट त्या स्वतःच सांगत, आणि इतर बायका माहेरच्या सोन्याबद्दल ज्या तोऱ्यात सांगतात त्याच तोऱ्यात सांगत. त्यांचे वडील देवाजी गिरणीत कामाला होते. छप्पन सालच्या दसऱ्याला नागपुरात लाखो लोकांबरोबर त्यांनी धम्म स्वीकारला. घरी आल्यावर त्यांनी आधी कात्री शोधली आणि घरातल्या सगळ्यांच्या गळ्यातले, दंडातले काळे दोरे कापून चुलीत टाकले. त्यामागे एक दुःख होतं. त्यांचा थोरला मुलगा तापानं फणफणत असताना घरच्या मोठ्यांनी त्याला दवाखान्याऐवजी भगताकडे नेलं होतं. पोरगं गेलं तेव्हा त्याच्या गळ्यात इतके ताईत होते की ते सोडवता सोडवता देवाजींना उजाडलं. पुढच्या उन्हाळ्यात प्रेमिला जन्मली. शेजारची म्हातारी काजळाचं बोट घेऊन पुढे आली, तेव्हा देवाजींनी ते मधेच धरलं.

"हिले नाई लावायचं," ते म्हणाले. "हिले काही झालं तं मी दवाखान्यात नेईन."

असा बाप असल्यावर मुलगी दुसरी काय होणार? प्रेमिलाबाई महापालिकेच्या शाळेत शिक्षिका झाल्या आणि निवृत्त होईपर्यंत पोरांना बेरीज-वजाबाकीइतक्याच नेमानं हेही शिकवत राहिल्या की भूत नसतं. सामानाच्या अंधाऱ्या खोलीत जायला एखादं पोट्टं घाबरलं, तर त्याचा हात धरून त्या आत शिरत आणि म्हणत, "शोध. सापडलं तं मलेही दाखव, मी नाई पाह्यलं अजून." पोरगं कोपरे धुंडाळे, फाटके नकाशे आणि मोडके स्टूल पाहून घेई, आणि शिंकत बाहेर येई.

वैशालीनगरातल्या त्यांच्या गल्लीत कोणाच्या अंगात आलं, तर लोक ते सगळ्यांत आधी प्रेमिलाबाईंपासून लपवत. कारण कळलं की बाई चपला घालून दारात हजर. माया नावाची शेजारीण नवी नवरी असताना एकाएकी पडायची, दात खायची. सासरचे तिला कुठल्याशा बाबाकडे न्यायला निघाले होते. प्रेमिलाबाईंनी त्यांची रिक्षा अडवली आणि त्याच रिक्षानं तिला मेयो हॉस्पिटलात नेलं. फिट्स निघाल्या, गोळ्या सुरू झाल्या. ती माया आता नातवंडांच्या मागे धावते, आणि दर रविवारी विहारात प्रेमिलाबाईंच्या शेजारी बसते.

आता अशा बाईला भीती वाटतच नसेल, असं कोणी समजत असेल तर त्याला माणसं कळत नाहीत. प्रेमिलाबाईंना भीती वाटायची, भरपूर वाटायची. फक्त ती पुरवून पुरवून वापरायची सवय होती. मग नात झाली, आणि सगळी शिल्लक एकदम बाहेर आली.

नातीचं नाव संबोधी. घरात सगळे बोधी म्हणत. पाच महिन्यांची, गुटगुटीत, कोणाकडेही जाणारी. तिचा पहिला उन्हाळा म्हणून प्रेमिलाबाईंनी मुलाच्या, प्रशिकच्या मागे लागून नवा कूलर आणवला होता. प्रशिक कळमेश्वरच्या एका कारखान्यात नोकरीला. आईनं सांगितलं म्हणून त्यानं दुकानातला सगळ्यांत दांडगा कूलर आणला. खिडकीत बसवून सुरू केला, तर समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर उडालं. प्रेमिलाबाई खूश झाल्या. छताच्या कडीला बोधीचा झोका होता. त्याची दोरी आवळून त्यांनी तो नेमका कूलरच्या तोंडासमोर येईल असा बांधला. घरातली मोठी माणसं दुपारी खाली गादीवर लवंडत, आणि वर झोक्यात नात महाराणीसारखी गारव्यात.

आणि मे महिना लागला तशी बोधी रडायला लागली.

रडणं म्हणजे साधं नव्हे. जेवणं आटोपली, ऊन येऊ नये म्हणून दार लावलं, तिला झोक्यात घातलं की थोड्याच वेळात किंकाळी. मान एका बाजूला वळलेली, डोळे वर, कपाटावरच्या कोपऱ्याकडे लागलेले. दर वेळी तोच कोपरा. उचलून स्वयंपाकघरात नेलं की गप्प. परत आणून झोक्यात ठेवलं की मान त्याच बाजूला, आणि पुन्हा तोच आकांत. रात्री मात्र खाली गादीवर, आईच्या कुशीत, अगदी खुशाल झोपायची. डॉक्टरांनी कान पाहिले, पोट दाबलं, हिरड्या चाचपल्या आणि सांगितलं की पोरगी एकदम ठणठणीत आहे.

त्या कोपऱ्यात, भिंतीवरच्या रोशनदानाच्या, म्हणजे छताजवळच्या उघड्या झरोक्याच्या खाली, देवाजींचा फोटो होता.

माया एका दुपारी आली होती. तिनं बोधीची ती नजर पाहिली आणि हळूच म्हणाली, "ताई, लहान लेकराइले दिसते म्हणतात. आपल्याले नाई दिसत ते."

"तुले दिसत होतं तेव्हा मी मेयोत नेलं होतं. विसरली काय वं?" प्रेमिलाबाई कडाडल्या. माया बिचारी चहा अर्धाच ठेवून गेली.

पण त्या संध्याकाळी प्रेमिलाबाई फोटोसमोर नको तितका वेळ उभ्या राहिल्या. बाबा असतील? क्षणभर त्यांना असंही वाटलं, की असतीलच तर बरं होईल, किती दिवसांत बोलणं नाही. मग स्वतःचाच राग आला. आणि राग ओसरल्यावर जे उरलं ती भीती होती. असतील, तर एवढ्याशा जिवाला घाबरवतील कशाला?

खरा घाव सुनेनं घातला. उन्नती शहाणी, शिकलेली, जपून बोलणारी मुलगी. पण रोज दुपारी पोटचं लेकरू असं किंचाळताना पाहून तिची पार दैना झाली होती. भांडी आवरता आवरता, वर न बघता ती म्हणाली, "आई, डॉक्टर म्हणतात काहीच नाई. मंग हे काय आहे? मी रविवारी भंडाऱ्याले जातो बोधीले घेऊन. माही आई म्हणते तिथं एक जण आहे, पाहून देते."

पाहून देते म्हणजे काय, हे प्रेमिलाबाईंना विचारावं लागलं नाही. त्यांना एकदम बोधीचा मऊ गळा दिसला आणि त्यात ताईत दिसले. देवाजींच्या पणतीच्या गळ्यात. त्यांना उन्नतीवर रागवायचं होतं. रागावून सांगणार काय? रडू नको म्हणून लेकराला सांगता येत नाही, आणि काही नाही म्हणून आईला सांगितलं तर तिला पटत नाही. त्यांच्या हातात उत्तर नव्हतं, आणि उत्तर नसलेल्या शिक्षिकेसारखं केविलवाणं माणूस नाही.

त्या रात्री त्यांनी मनाशी ठरवलं. भगतापर्यंत गोष्ट जाऊ द्यायची नाही. त्याआधी आपणच, घरातल्या घरात, कोणाला न कळता, एकदाच दृष्ट काढून पाहायची. मीठ काय, मोहरी काय, मिरची काय, रोज फोडणीत टाकतोच की आपण. अशी समजूत त्यांनी घातली स्वतःची, आणि ती त्यांना स्वतःलाही फारशी पटली नाही.

शुक्रवारी दुपारी उन्नती आतेबहिणीच्या लग्नाच्या खरेदीला सीताबर्डीला गेली. प्रेमिलाबाईंनी दार लावून घेतलं, वर कडीही घातली. बोधीला झोक्यात ठेवलं, कूलर चालू केला. जुन्या तव्यात करवंटीचे निखारे पेटवून आणले. मिरच्या गच्चीवर वाळत घातलेल्यांतल्याच, भिवापुरी. त्या कुटायच्या दिवशी अख्खी गल्ली शिंकते, असला त्यांचा लौकिक. 

सगळी तयारी झाल्यावर लक्षात आलं की देवाजी बघताहेत. फोटो भिंतीकडे फिरवायचा धीर होईना, म्हणून त्यांनी स्टुलावर चढून त्याच्यावर प्रशिकचा रुमाल टाकला. खाली उतरून वळतात तो रुमाल उडून जमिनीवर पडला, आणि देवाजी पुन्हा समोर. रुमाल पुन्हा टाकायची त्यांची हिंमत झाली नाही.

तेवढ्यात बोधीनं मान वळवली आणि सूर लावला. प्रेमिलाबाईंनी घाईघाईनं मूठ भरली आणि झोक्यावरून ओवाळायला लागल्या. आता म्हणायचं काय? दृष्टीचे शब्द त्यांना ठाऊक होते. भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या वामनराव भोयरांची बायको कौसल्या, ती होती तोवर दर अमावास्येला लेकरांवरून मोठ्यानं म्हणायची. पण त्या शब्दांत ज्यांची ज्यांची नजर वाईट धरलेली असे, त्यांत जातीचं नाव घेऊन प्रेमिलाबाईंचे आजे-पणजेही येत होते. ते शब्द त्यांच्या तोंडून निघाले नसते. आणि बुद्धवंदनेचे शब्द असल्या कामाला लावायचे, तर तेही जमेना. शेवटी त्या म्हणाल्या, "जाय बाप्पा, ज्याचं कोणाचं असन त्यानं घेऊन जाय, माह्या पोट्टीले सोड," आणि मूठ निखाऱ्यांवर टाकली.

मोहरी तडतडली. मिरच्या फुगल्या, काळ्या पडल्या, धूर निघाला. प्रेमिलाबाईंनी पदर नाकाला लावला आणि ठसक्याची वाट पाहत उभ्या राहिल्या.

ठसका लागला नाही.

त्यांनी पदर खाली घेतला. श्वास घेतला. जळक्या मिरचीचा वाससुद्धा नाही. भिवापुरी मिरची निखाऱ्यावर आणि वास नाही! कौसल्येचं बोलणं त्यांच्या कानात वाजलं. ती म्हणायची, ठसका लागला तर समजा काहीच नव्हतं. वास आला नाही, तर नजर जबर होती. तेव्हा प्रेमिलाबाईंनी तिला भिंतीवरून चांगली झापली होती. आता तेच खरं वाटायला लागलं. त्यांनी आणखी एक मूठ टाकली, मोठी. धूर दाट झाला, पण नाकाला काही नाही. तो धूर जमिनीवरून उठला, झोक्यापाशी पोचला, तिथून वळला आणि कोणी बोलावल्यासारखा सरळ देवाजींच्या फोटोकडे गेला.

"बाबा?" प्रेमिलाबाई म्हणाल्या. आवाज त्यांचा त्यांनाच ओळखू आला नाही. भूत नसतं म्हणून आयुष्यभर सांगणारी ती बाई भर दुपारी, लख्ख उजेडात, झोक्याची दोरी घट्ट धरून उभी होती.

उत्तर आलं. भिंतीच्या पलीकडून आलं आणि ते खोकल्याच्या रूपात आलं. आधी एक, मग दुसरा, मग भांडी पडल्यासारखी खोकल्यांची रांगच लागली. थोड्या वेळानं दार धडाधड वाजलं.

"अहो बाई! प्रेमिलाबाई! काय जाळून राहिल्या तुम्ही?"

कडी काढावीच लागली. दारात वामनराव. बनियन, नाकाला दुपट्टा, डोळ्यांतून धारा.

"माह्या कूलरमधून मिरच्या येऊन राहिल्या जी! मी चांगला घोरत पडलो होतो. एकदम असा भपकारा तोंडावर, वाटलं जीव चालला." मग त्यांची नजर आत गेली. तवा दिसला, निखारे दिसले, मोहरी दिसली. खोकता खोकता त्यांचा चेहरा फुलत गेला. "आँ? प्रेमिलाबाई? तुम्ही दृष्ट काढून राहिल्या?"

एरवी या प्रश्नावर प्रेमिलाबाई जमिनीत गेल्या असत्या. पण त्यांच्या डोक्यात दुसरंच काही सुरू झालं होतं.

"तुमच्या कूलरमधून? वास आला? चांगला आला?"

"वास काय विचारता? माह्याकडे पाहा तरी!"

"थांबा जरा. बोधीले धरा."

वामनरावांच्या हातात लेकरू देऊन त्या आत वळल्या. आता त्या घाबरलेली आजी नव्हत्या, सामानाच्या खोलीत पोराला घेऊन शिरणाऱ्या बाई होत्या. तव्यातून धूर निघत होता. कूलरचा झोत त्याला पकडत होता, झोक्यावरून नेत होता, फोटोच्या काचेवरून घासत वरच्या रोशनदानातून बाहेर ढकलत होता. दार बंद, दुसरी वाटच नाही. रोशनदानाबाहेर दोन घरांमधली अरुंद बोळ, आणि बोळीत वामनरावांचा कूलर, तो बाहेरची हवा ओढून त्यांच्या तोंडावर फेकत होता. वास तर यायचा तसाच आला होता, फक्त दुसऱ्याच्या घरात गेला होता.

आणि झोका त्या झोताच्या बरोबर मधे होता.

प्रेमिलाबाई झोक्याजवळ गेल्या, वाकल्या आणि जिथं बोधीचं डोकं असतं तिथं त्यांनी आपलं तोंड नेलं. झोताची गार चपराक नाकावर बसली. श्वास आतल्या आत अडला, कानात घूं झालं, डोळ्यांत पाणी आलं. त्या काही ठरवायच्या आत त्यांची मान आपोआप झोतापासून दुसऱ्या बाजूला वळली आणि डोळे वर गेले. समोर कपाटावरचा कोपरा होता. देवाजी त्यांच्याकडे बघत होते.

"बाई," दारातून वामनरावांचा घाबरा आवाज आला, "आता तुमच्या अंगात आलं काय?"

प्रेमिलाबाई झोक्यातून वर आल्या त्या हसत की रडत, हे वामनरावांना कळलं नाही. त्यांनाही कळलं नव्हतं. "वारा आहे जी, वामनराव! नुसता वारा! पोट्टीले वारा सोसत नव्हता. तोंड फिरवायले जागा होती तं एकच!" मे महिन्यात नागपूरचा माणूस घरातल्या सगळ्यांवर संशय घेईल, मेलेल्यांवरसुद्धा घेईल, पण कूलरवर घेणार नाही. आणि खाली गादीवर झोपणाऱ्यांना वरून कसला झोत जातो आहे, हे कळणार तरी कसं? लेकराला गारवा मिळावा म्हणून जिनं मायेनं दोरी आवळली होती, तिनंच त्याला इतके दिवस रडवलं होतं. ते आठवून त्यांना अपराधी वाटलं, पण सुटल्यासारखं त्याहून जास्त वाटलं. काही नव्हतं. खरंच काही नव्हतं. त्यांना मोकळं रडावंसं वाटलं आणि त्या थोडंसं रडल्याही.

तवा अंगणात गेला. झोक्याची दोरी सोडून झोका दुसऱ्या भिंतीच्या कडीला गेला, कूलरचं बटण हळूवर आलं, दार थोडं उघडलं. बोधीला ठेवलं. तिनं आढ्याकडे पाहिलं, पायाचा अंगठा तोंडात घालायचा प्रयत्न केला आणि तो साधायच्या आतच झोपून गेली.

दोघं तिच्याकडे बघत बसले.

"वामनराव, कोणाले सांगू नका," प्रेमिलाबाई म्हणाल्या.

वामनरावांनी घसा खाकरला. "मी काय सांगतो, बाई? परवा मीच काढली हिची दृष्ट."

"काय म्हणता?"

"भिंतीपलीकडून. तुमच्या दाराकडे तोंड करून. रोज रडते लेकरू, आयकवत नाई. तुम्ही तं काढू देणार नाई कोणाले. मंग सुनेले म्हटलं, हर्षा, आण मीठ-मिरच्या. कौसल्या करे तसं केलं."

या माणसाच्या बायकोला प्रेमिलाबाईंनी याच गोष्टीवरून किती बोल लावले होते. त्यांनी झोक्याची दोरी उगाच सारखी केली. "मंग? ठसका लागला?"

"असा लागला का रातचं जेवण गेलं नाई."

"मंग तं नजर नव्हतीच," प्रेमिलाबाई पटकन बोलून गेल्या.

वामनराव त्यांच्याकडे टक लावून पाहत राहिले, आणि मग दोघंही पोटभर हसले, बोधी जागी होईल म्हणून तोंडावर हात धरून.

वामनराव गेल्यावर प्रेमिलाबाई खाली पडलेला रुमाल उचलायला गेल्या. सहज वर पाहिलं तर फोटोच्या काचेवर काहीतरी काळं. त्या स्टुलावर चढल्या. जळक्या मिरचीचा एक कपटा झोताबरोबर उडून काचेला चिकटला होता, अगदी देवाजींच्या उजव्या गालावर. छोटा, गोल, काळाकुट्ट.

उन्नती पिशव्या घेऊन घरात शिरली तेव्हा सासू स्टुलावर उभी होती आणि फोटोची चौकट धरून गदागदा हसत होती. झोका भलत्याच भिंतीला होता, आणि त्यात दिवसाउजेडी लेकरू गाढ झोपलेलं होतं. उन्नतीनं पिशव्या तिथंच ठेवल्या, झोक्यापाशी जाऊन बोधीच्या नाकाशी बोट धरलं, मग हळूच विचारलं, "आई? हे कसं झालं?"

प्रेमिलाबाईंनी सगळं सांगितलं. मिरच्यांचंही सांगितलं, "बाबा?" म्हणून हाक मारली तेही सांगितलं. काही राखून ठेवलं नाही. उन्नती ऐकता ऐकता मटकन खाली बसली. तिच्या खांद्यांवरचं ओझं उतरलेलं डोळ्यांना दिसत होतं.

"मंग रविवारचं भंडाऱ्याचं?" तिनं विचारलं.

"जाय ना. आईच्या हातचा आमरस खाऊन ये. पण पोट्टीच्या गळ्यात काही दिसलं तं कात्री माह्याजवळ आहे."

"कात्री मीच देईन तुमच्या हाती," उन्नती म्हणाली आणि पुढे होऊन तिनं स्टूल धरलं. "आई, उतरा आता. तुमच्या बाबांच्या गालावर काय आहे ते?"

"तीट," प्रेमिलाबाई म्हणाल्या.

छप्पन सालापासून त्या घराण्यात कोणाला न लागलेली तीट अखेर लागली ती खुद्द देवाजींना. लेकीनं ती पदराच्या टोकानं पुसली, काच लख्ख केली आणि मग ती खाली उतरली.